अण्णांना उभं करूनही बीपी मोजा

पत्र :

'माझे सासरे, अण्णा, ८९ वर्षांचे आहेत. शाळामास्तर होते. आपलं आपण सगळं करतात, संध्याकाळी काठी टेकत कोपऱ्यावरच्या वाचनालयात जाऊन पेपर वाचून येतात. वजन घटून ४७ किलो झालंय. बीपीच्या गोळ्या वीसेक वर्षं चालू आहेत. दिवाळीत पुण्याच्या दिरांनी बीपीचं मशीन आणून दिलं. सकाळी, दुपारी, रात्री मोजायचं आणि आकडा वहीत लिहून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा असं ठरलं. अण्णा कॉटच्या काठावर बसतात, मी सदऱ्याची बाही वर सरकवून पट्टा बांधते. सकाळी १७८, दुपारी १२२, रात्री १५६ असं काहीही येतं. जास्त आलं की भाऊजींचा लगेच फोन, "वहिनी, पुन्हा मोजा." पुन्हा मोजलं की आणखी वाढतं. १७० च्या वर गेलं तर ॲम्लोडिपिनची अर्धी गोळी जादा द्यायची, असं त्यांना कुणीतरी सांगितलंय. तशी मी काही वेळा दिली. गेल्या महिन्यात अण्णा पहाटे साडेचारला लघवीला उठले आणि न्हाणीघराच्या दारात पडले. हाड वाचलं, कोपर सोलपटलं. "डोळ्यांपुढे अंधारी आली," म्हणाले. भाऊजी म्हणतात, बीपी वाढूनच पडले, आता आणखी वरचेवर मोजा. अण्णा तर हात पुढे करायलाच कंटाळलेत. दिवसातून नेमकं किती वेळा मोजावं? जादा गोळी द्यावी का? गोळ्यांची नावं खाली लिहिली आहेत. मशीनवर कधी कधी मोजून झाल्यावरही आकड्याशेजारी हृदयाचं चिन्ह तसंच राहतं. सेल संपत आले असतील का?'
– एक सून, सांगली

उत्तर :

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते आजच अमलात आणायचं आहे. ती जादा अर्धी गोळी बंद करा. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या रोजच्या गोळ्या ठरल्या वेळी चालू राहू द्या, पण आकडा बघून वरून काही देऊ नका.

ॲम्लोडिपिन ही सावकाश चालणारी गोळी आहे. पोटात गेल्यावर रक्तातलं तिचं प्रमाण शिगेला पोचायला ६ ते १२ तास लागतात आणि ते निम्म्यावर यायला ३० ते ५० तास. उतारवयात त्याहूनही उशीर. म्हणजे सकाळी नऊला १७८ दिसले म्हणून दिलेली अर्धी गोळी त्या १७८ ला हातही लावत नाही. तो आकडा बहुतेक वेळा थोड्या वेळाने आपसूक उतरतो. तुमच्याच वहीत दुपारी १२२ आहेत. गोळीचा जोर येतो तो संध्याकाळी आणि रात्री, रोजच्या गोळीवर चढून. आणि अण्णा लघवीला उठतात पहाटे. जादा गोळी दिलेल्या तारखा वहीत शोधा आणि ते पडले त्या तारखेशी ताडून पाहा. यात तुमचा दोष काढत नाही. घरातल्यांनी सांगितलं ते तुम्ही काळजीपोटी केलंत. पण डॉक्टरांना ही माहिती हवी.

याच संदर्भात आणखी एक. बीपी वाढलं की निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली द्यायची, ही जुनी पद्धत अजून कुठे कुठे चालते. त्याने बीपी इतकं झपाट्याने आणि इतकं बेभरवशाचं कोसळतं की मेंदूचा, हृदयाचा रक्तपुरवठा तुटून झटका येऊ शकतो. ती पद्धत डॉक्टरांनी कधीच सोडली आहे. आणि छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट ही बीपीची गोळी नाही. शेजारच्या आजोबांकडची कुणी आणून दिली तरी घेऊ नका.

आता अण्णांचं पडणं. भाऊजी म्हणतात बीपी वाढून पडले. मला दाट संशय आहे तो उलटा, उतरल्यामुळे पडले असा. आपण आडवे असताना अंगभर सारखं पसरलेलं रक्त उभं राहिल्याबरोबर पायांकडे आणि पोटाकडे उतरतं, अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांमध्ये दाब ओळखणारे मज्जातंतू असतात. ते तत्काळ इशारा देतात, मग हृदय जोराने धडधडतं, पायांतल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि डोक्याला रक्त पोचत राहतं. तरुणपणी हे काही क्षणांत होतं, म्हणून कळतही नाही. नव्वदीला टेकलेल्या शरीरात हा इशारा उशिरा आणि अर्धवट पोचतो. मधल्या वेळात डोळ्यांपुढे अंधारी येते, पाय लटपटतात आणि माणूस बसतो किंवा पडतो.

त्यात तुम्ही लिहिलेल्या गोळ्या बघा. बीपीची टेल्मिसार्टन आणि पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी, हायड्रोक्लोरोथायझाइड, एकाच गोळीत. ॲम्लोडिपिन वेगळी. रात्री प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन, आणि अधूनमधून झोपेची अर्धी. टॅम्सुलोसिन लघवीची वाट सैल करते, पण काही जणांत रक्तवाहिन्याही सैल करते आणि उभं राहिल्यावर बीपी उतरवते. पाण्याची गोळी अंगातलं पाणी आणि सोडियम कमी करते. झोपेच्या गोळीने पाऊल नीट पडत नाही. लघवीला उठावं लागू नये म्हणून अण्णा संध्याकाळनंतर पाणी पीत नसतील, तर तेही यात मिळवा. यातली कुठलीच गोळी चुकीची आहे असं मी म्हणत नाही. पण या सगळ्यांची गाठ पहाटे साडेचारला, अंधारात, न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर पडते.

म्हणून मला तुमच्याकडून सर्वांत आधी हवा आहे तो अण्णांचा उभ्याचा आकडा. तुमच्या वहीत शंभरावर नोंदी आहेत, पण सगळ्या बसून घेतलेल्या. पडलेल्या माणसाची ही मोजणी झालीच पाहिजे. ती अशी करा. सकाळी गोळ्यांच्या आधी अण्णांना पाच मिनिटं पलंगावर आडवं राहू द्या आणि बीपी घ्या. पट्टा दंडावर तसाच ठेवून त्यांना आधी बसवा, मग उभं करा. यजमानांना किंवा मुलाला शेजारी उभं करा, मागे खुर्ची असू द्या, हे काम एकटीने करू नका. उभं राहिल्यावर एका मिनिटाने एकदा आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. मोजताना त्यांचा हात लोंबू देऊ नका, कोपराखाली तुमचा हात द्या आणि दंड छातीच्या पातळीवर राहील असं पाहा. वरचा आकडा २० किंवा जास्त, अथवा खालचा १० किंवा जास्त उतरला, तर उभं राहिल्यावर बीपी पडतं हे पक्कं. चक्कर आली नाही तरी लिहून ठेवा, कारण कित्येक वृद्धांना चक्कर जाणवतच नाही, ते थेट पडतात. मध्येच गरगरलं तर मोजणी सोडा आणि त्यांना बसवा. तीन दिवस सकाळी आणि एखाद्या दिवशी जेवणानंतर तासाभराने असं करा. जेवल्यावर रक्त पोटाकडे ओढलं जातं, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांचं बीपी जेवणानंतरच्या दोन तासांत बरंच उतरू शकतं. दुपारच्या तुमच्या १२२ मध्ये त्याचाही वाटा असेल.

डॉक्टरांकडे जाईपर्यंत रात्रीचा बंदोबस्त करा. लघवीचं भांडं पलंगाशी ठेवा. प्लास्टिकचं, झाकणाचं, मेडिकलमध्ये मिळतं. अण्णांना लाज वाटेल. त्यांना सांगा की कोपरावर निभावलं ते पुढच्या वेळी खुब्यावर येऊ शकतं, आणि या वयात खुब्याचं हाड मोडलं की वाचनालयाची वाट कायमची बंद होण्याची भीती असते. मास्तर माणसाला कारण सांगितलं की पटतं. उठताना आधी पलंगाच्या काठावर दोन मिनिटं बसायचं, घोटे वर-खाली दहा-पंधरा वेळा हलवायचे, मग उभं राहायचं आणि चालण्याआधी क्षणभर पलंगाला धरून थांबायचं. रात्रभर एक मंद दिवा. न्हाणीघराच्या भिंतीला पकडायला दांडा बसवून घ्या, हे काम या आठवड्यातच उरका.

आता पहिला प्रश्न, किती वेळा मोजायचं. रोज मोजायचंच नाही. आठवडाभर नीट मोजायचं आणि मशीन कपाटात ठेवून द्यायचं. डॉक्टरांकडे जायच्या आधीचा आठवडा, गोळी बदलल्यावर दोन-तीन आठवड्यांनी एक आठवडा, आणि आजारपणात. एरवी महिन्यातून एखाददोनदा बघितलंत तरी पुष्कळ झालं.

त्या आठवड्यात सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा बसायचं. सकाळी संडास-लघवी उरकल्यावर, पण चहा आणि गोळ्यांच्या आधी. संध्याकाळी जेवणाआधी. दर वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे, कितीही आले तरी. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यायचे, कारण पहिल्या दिवशी माणूस बिचकलेला असतो. उरलेल्या सहा दिवसांची सरासरी काढायची, वरच्यांची वेगळी, खालच्यांची वेगळी. डॉक्टरला जी हवी असते ती ही सरासरी. एकट्या १७८ वरून मी गोळी वाढवणार नाही आणि एकट्या १२२ वरून कमीही करणार नाही.

तुम्ही लिहिलंय की अण्णा कॉटच्या काठावर बसतात आणि तुम्ही सदऱ्याची बाही वर सरकवून पट्टा बांधता. दोन्ही बदला. कॉटवर पाय लोंबतात, पाठीला टेका नसतो, आणि एवढ्यानेच आकडा वाढतो. पाठीच्या खुर्चीत बसवा, तळवे जमिनीवर टेकलेले, पायावर पाय नको, हात टेबलावर उशी घेऊन छातीच्या पातळीत. वर सरकवलेली बाही दंडाला आवळते, म्हणून सदऱ्यातून हात काढूनच घ्या. थंडीत अण्णा कुरकुरतील, त्यांच्या खांद्यावर शाल टाका. मग पाच मिनिटं नुसतं बसू द्या. या पाच मिनिटांत टीव्ही बंद, फोन बाजूला, आणि कुणी बोलायचं नाही. 'किती आलं, किती आलं' विचारत मोजलेलं बीपी घबराटीचं असतं. लघवी तुंबलेली असली, संडासला कुंथून आले असले, गुडघा ठणकत असला, तर आधी ते बघा, मोजणी नंतर. आणि एकदा जास्त आलं म्हणून लागोपाठ पाच-सहा वेळा हात आवळून काढू नका. अण्णा प्रत्येक वेळी आणखी धास्तावतात, आकडा आणखी चढतो. तुम्हीच लिहिलंय तसं.

पट्ट्याकडेही बघा. त्यावर २२ ते ३२ सेंमी असं काहीतरी छापलेलं असेल. नेहमीचा पट्टा तेवढ्या जाडीच्या दंडासाठी असतो. शिंप्याच्या टेपने खांदा आणि कोपराच्या मधोमध अण्णांचा दंड मोजा. ४७ किलोच्या माणसाचा दंड २०-२१ भरला तर मला नवल वाटणार नाही. बारीक दंडावर मोठा पट्टा बसवला की बीपी खऱ्यापेक्षा कमी दिसतं. (जाड दंडावर लहान पट्टा आवळला की जास्त दिसतं.) बहुतेक कंपन्यांचे लहान पट्टे वेगळे विकत मिळतात. पहिल्या वेळी दोन्ही दंडांवर मोजा. ज्या हाताला जास्त येईल तोच हात पुढे कायम ठेवा. मनगटावरचं मशीन या वयात नको. आणि दवाखान्यात जाताना मशीन पिशवीत घाला, तिथल्या मोजणीशी एकदा ताडून बघता येईल.

एवढं सगळं नीट केल्यावरही अण्णांचे आकडे खालीवर होतीलच, त्याने घाबरू नका. या वयात मोठ्या रक्तवाहिन्या जुन्या रबरी नळीसारख्या ताठरतात. हृदयाने रक्त ढकललं की ताणून ते सामावून घेण्याची त्यांची क्षमता कमी होते, म्हणून वरचा आकडा चढा आणि खालचा उतरलेला असतो. १६०/६५ अशा जोड्या म्हाताऱ्यांत म्हणूनच दिसतात. राग, थंडी, दुखणं, दवाखान्यातला पांढरा कोट, सगळ्याचा परिणाम वरच्या आकड्यावर होतो.

मग किती असावं? ब्रिटनमधली नाइस ही संस्था ८० च्या पुढच्या लोकांसाठी घरच्या मोजणीची सरासरी १४५/८५ च्या खाली असावी असं सांगते. पण ज्यांचं बीपी उभं राहिल्यावर पडतं, त्यांचा उपचार उभ्याच्या आकड्याकडे बघून ठरवावा, असंही तीच संस्था सांगते. २०२४ च्या युरोपीय हृदयरोग संघटनेच्या सूचनांमध्येही ८५ च्या पुढच्या, अशक्त किंवा उभं राहिल्यावर चक्कर येणाऱ्या माणसांना सैल आकडा चालेल असं आहे. भाऊजींनी मोबाइलवर जो १२० चा आकडा वाचला असेल तो अण्णांचा नव्हे.

याचा अर्थ 'आता वय झालं, गोळ्या कशाला' असाही घेऊ नका. तसं म्हणणारी घरंही मी पाहते आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या हायवेट नावाच्या चाचणीत ८० वर्षांवरचे ३,८४५ लोक होते, वरचं बीपी १६० किंवा त्याहून जास्त असलेले. गोळ्यांनी त्यांचं बीपी १५०/८० च्या आसपास आणायचं उद्दिष्ट होतं. गोळ्या घेणाऱ्यांत हृदय निकामी होण्याचं प्रमाण ६४ टक्क्यांनी आणि एकूण मृत्यूचं २१ टक्क्यांनी कमी झालं. ऐंशीनंतरही उपचाराचा फायदा होतो हे तिथे ठरलं. लक्षात घ्या, उद्दिष्ट १५० चं होतं, आणि माणसं त्या वयाच्या मानाने धडधाकट होती. उलट फ्रान्स आणि इटलीतल्या वृद्धाश्रमांतल्या ८० वर्षांवरच्या अकराशेहून अधिक लोकांच्या अभ्यासात, दोन किंवा जास्त गोळ्या घेऊन ज्यांचं वरचं बीपी १३० च्या खाली होतं त्यांच्यात मृत्यू जास्त आढळले. त्यावरून गोळ्यांनीच ते झालं असं सिद्ध होत नाही. ती माणसं मुळात जास्त आजारी असू शकतात. पण अशक्त म्हाताऱ्या माणसाचं बीपी आणखी खाली ढकलण्याआधी थांबून विचार करायला ते पुरेसं आहे. अण्णा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहेत. काठी घेऊन का होईना रोज बाहेर पडतात, पण वजन घटलंय आणि एकदा पडलेत. उतारवयात वजन उतरतं तसं कित्येकांचं बीपीही उतरत जातं, आणि वीस वर्षांपूर्वी जमलेल्या गोळ्या आता जास्त होऊ शकतात.

यादीत शेवटी तुम्ही गुडघ्याची डायक्लोफेनॅक लिहिली आहे, 'मेडिकलमधून आणतो, दुखलं की देतो' म्हणून. तिच्याकडे माझं सर्वांत जास्त लक्ष गेलं. ही गोळी अंगात मीठ-पाणी धरून ठेवते आणि बीपी वाढवते. सकाळच्या १७८ पैकी काही आकडे तिचेच असतील. टेल्मिसार्टन आणि पाण्याच्या गोळीच्या जोडीला ती आली की मूत्रपिंडांवर तिहेरी भार पडतो, आणि ८९ व्या वर्षी तो पेलवत नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती पुन्हा आणू नका. गुडघ्याला शेक द्या, पॅरासिटामॉल किती चालेल ते त्यांना विचारा. याच कारणासाठी बाजारात मिळणारं 'कमी सोडियमचं' मीठही परस्पर सुरू करू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि टेल्मिसार्टन घेणाऱ्याच्या रक्तात ते आधीच साठू शकतं. लोणचं-पापड कमी करा, पण अळणी वरणभातामुळे अण्णा दोन घास कमी जेवत असतील तर मला थोडं साधं मीठ चालेल, उपास नको.

हृदयाचं चिन्ह सेलमुळे नाही. मोजणी चालू असताना ठोक्यागणिक ते लुकलुकतं, ते नेहमीचं. पण मोजून झाल्यावरही आकड्याशेजारी ते राहत असेल, तर ठोके अनियमित असल्याची ती सूचना असू शकते. मशीनसोबतच्या पुस्तिकेत त्या चिन्हाचं चित्र बघा. या वयात एट्रियल फिब्रिलेशन म्हणून एक दोष बऱ्याच जणांत आढळतो. हृदयाचे वरचे कप्पे नीट न आवळता थरथरतात, आत गुठळी धरू शकते, आणि ती मेंदूकडे गेली की पक्षाघात होतो. वेळेत कळलं तर त्यावर औषध आहे. अशा हृदयाचं बीपी मशीनला नीट पकडता येत नाही, दर वेळी वेगळा आकडा येतो. तुमच्याकडे दिसणाऱ्या चढउताराचं हेही एक कारण असू शकेल. अण्णांची मनगटाची नाडी पूर्ण एक मिनिट मोजा, ठोके चुकतात का ते बघा. काहीही वाटलं तरी आणि न वाटलं तरी या आठवड्यात ईसीजी काढून घ्या. तो साधा असतो, दुखत नाही.

आता धावपळ कधी करायची तेही सांगते. पाच-दहा मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजल्यावरही १८०/१२० च्या पुढे असेल आणि छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, हातापायातली शक्ती जाणं, बोलणं अडखळणं, एकाएकी दिसेनासं होणं, भ्रमिष्टासारखं वागणं यातलं काहीही असेल, तर १०८ ला फोन. यातलं काही झालं आणि बीपी नॉर्मल आलं, तरीही १०८ लाच फोन. मशीन शोधण्यात वेळ घालवू नका. अण्णा बरे आहेत, नेहमीसारखे बोलतायत आणि आकडा तेवढा मोठा आहे, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा. उलट बाजूला, वरचा आकडा १०० च्या आसपास उतरला आणि अण्णा गळून गेले, झोपाळले, तर तेही तितकंच तातडीचं. जुलाब, उलट्या, ताप, किंवा उन्हाळ्यात दोन दिवस जेवणपाणी नीट नाही, अशा वेळी पुढची बीपीची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. अंगात पाणी कमी असताना पाण्याची गोळी आणि टेल्मिसार्टन तशीच चालू ठेवली की मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. एरवी मात्र मनाने गोळी बंद करू नका. बीपीच्या काही गोळ्या एकदम तोडल्या तर बीपी उसळतं.

भाऊजींबद्दल तुम्ही जपून लिहिलंय, पण चिडचिड कळते. ते वाईट नाहीत. लांब राहणाऱ्या मुलाला वडिलांसाठी काहीतरी करायचं असतं, आणि हातात येतो तो एक आकडा. त्यांना हे उत्तर वाचायला पाठवा. भाऊजी, तुम्हाला खरंच उपयोगी पडायचं असेल तर एक आठवडा रजा टाकून सांगलीला या आणि ते मोजणीचे सात दिवस तुम्ही सांभाळा. पहाटे साडेचारला अण्णा कसे उठतात ते त्याच खोलीत झोपून बघा. रोज तीनदा आकडा मागणं बंद करा. रविवारी सरासरी कळली की पुरे, आणि तिच्यासोबत अण्णा आठवड्यात किती वेळा वाचनालयात गेले आणि कुठे झोक गेला का, हे वहिनींना विचारा. गोळ्या रात्री घेतल्या तर जास्त फायदा होतो असंही ग्रुपवर आलं असेल. ब्रिटनमध्ये एकवीस हजारांहून जास्त लोकांवर झालेल्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सकाळ आणि रात्र यांत झटक्यांच्या बाबतीत फरक दिसला नाही. पाण्याची गोळी तर सकाळीच बरी, नाहीतर रात्री दोन फेऱ्या वाढतील.

आणि ताई, अण्णांनाही विचारा. हात त्यांचा आवळला जातोय. मला काय हवंय, असं ८९ वर्षांच्या माणसाला क्वचितच कुणी विचारतं. पुष्कळ वृद्ध मला सांगतात की चार वर्षं जास्त जगण्यापेक्षा अंथरुणाला न खिळता जगणं त्यांना हवं आहे. काही जण याच्या अगदी उलट सांगतात, नातवाचं लग्न बघायचंय म्हणून सगळ्या गोळ्या खुशीने घेतात. अण्णांचं म्हणणं काय आहे ते डॉक्टरांना कळलं तर गोळ्यांचा हिशेब त्याप्रमाणे मांडता येतो.

डॉक्टरांची वेळ या आठवड्यातच घ्या, सात दिवसांची मोजणी पुरी व्हायची वाट बघू नका. उभ्याचे तीन दिवस आणि ईसीजी पुरे. घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरा, होमिओपॅथीच्या आणि मेडिकलमधून परस्पर आणलेल्यासुद्धा. रक्तातलं सोडियम, पोटॅशियम आणि मूत्रपिंडांचं काम सांगणारं क्रिएटिनिन शेवटचं कधी तपासलं ते बघा. सहा महिने झाले असतील तर पुन्हा करायला त्यांना सांगा. सोडियम उतरलं तरी म्हातारी माणसं तोल जाऊन पडतात. दवाखान्यात गर्दी असेल, डॉक्टर घाईत असतील, आणि तुम्ही संकोचाने 'बाकी सगळं ठीक आहे' म्हणून उठाल. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात दोन ओळी लिहून ते पान त्यांच्या पुढ्यात ठेवा : 'पहाटे उठताना अंधारी येऊन पडले. उभं राहिल्यावर बीपी इतकं इतकं उतरतं. यातली कुठली गोळी कमी करता येईल किंवा बदलता येईल?'